विंगेतली कुजबुज: जुन्या नाशकातल्या एका नाट्यगृहाच्या भुताचं प्रकरण

हे प्रकरण आमच्याच मंडळाचं आहे, मी तेव्हा कार्यकारिणीवर होतो आणि अजूनही आहे. मंडळाचं, गल्लीचं, माणसांचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण ज्या बाईंच्या नावावर हे सगळं झालं त्यांच्या घरच्यांना आधीच भरपूर मनस्ताप झालाय. जुन्या नाशकातले लोक वाचून ओळखतील कदाचित, त्यांनीही कृपया कुठे नाव घेऊ नये. लिहितोय कारण गावोगावच्या हौशी मंडळांकडे अशी जुनी नाट्यगृहं आहेत, बहुतेकांत एक भूत आहे, आणि त्या भुताचं करायचं काय हा विषय कधी ना कधी मीटिंगमधे येतोच.

पार्श्वभूमी

आमचं नाट्यगृह लहान आहे. नाशकातल्या कालिदास कलामंदिराशी किंवा सार्वजनिक वाचनालयाच्या (सावाना) परशुराम साईखेडकर, म्हणजे पसा नाट्यगृहाशी तुलनाच नाही. लोखंडी कैच्यांवर पत्रा, सागवानी फळ्यांचं स्टेज, लाकडी खुर्च्या, आणि स्टेजखाली माणूस वाकून चालू शकेल एवढी पोकळी. त्या पोकळीला मागच्या बोळात उघडणारी एक जाळी आहे, ओल सुटू नये म्हणून जुन्या लोकांनी ठेवलेली. ही जाळी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नदी जवळच. नाशिकमधे गोदेला पाणी किती आलं हे नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत लागलं त्यावरून सांगतात, आणि पुराचा विषय निघाला की म्हातारी माणसं १९६९ वर येऊन थांबतातच. त्या पुरात पाणी आमच्या स्टेजच्या फळ्यांना टेकलं होतं.

आता भुताची गोष्ट. मी १९९० च्या आसपास मंडळात आलो तेव्हा ती अशी होती: तालमीत वाक्य विसरलात आणि समोरचा नटही गडबडला, तर उजव्या विंगेतून पुढचा शब्द कुजबुजल्यासारखा ऐकू येतो. त्या अक्का. अक्का म्हणजे मंडळाच्या जुन्या प्रॉम्प्टर, विंगेत उभं राहून नटांना विसरलेलं वाक्य सांगणाऱ्या. (अक्का हे नाव मी इथे वापरतोय, खरं संबोधन वेगळं होतं.) पहिल्या प्रयोगाच्या आधी नवीन नट उजव्या विंगेत एक विडा ठेवायचा आणि नमस्कार करायचा. नटराजाची पूजा व्हायची, नारळ फुटायचा, आणि मग हा विडा. घाबरायचं त्यात काहीच नव्हतं, मी स्वतः ठेवलाय आणि मला तेव्हा खरंच धीर आला होता.

मग २००८ ला पुन्हा मोठा पूर आला, पाणी आमच्या पायरीला लागलं, आणि त्यानंतर केव्हातरी गोष्ट बदलली. अक्का १९६९ च्या पुरात संहिता वाचवायला स्टेजखाली उतरल्या आणि तिथेच बुडून गेल्या, असं पोरं सांगायला लागली. कुणी जोडलं माहीत नाही, पण ऐकायला एवढं चपखल होतं की कुणी विचारलंच नाही, आम्हीही नाही.

तिसरा थर मोबाईलचा. कुणीतरी आमच्या बंद दाराबाहेर उभं राहून व्हिडिओ केला, त्यात बुडालेली बाई तर होतीच, वर सांगितलं की कलेक्टर जॅक्सनला अनंत कान्हेरेंनी गोळ्या घातल्या ते हेच थिएटर, म्हणून इथे गोऱ्या साहेबाचाही वास आहे. जॅक्सनचा वध २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद नाट्यगृहात झाला हे नाशिकच्या शाळेतलं पोरगंसुद्धा सांगेल. आमची इमारत तेव्हा नव्हतीच. कान्हेरेंचं वय अठरा, चार महिन्यांत ठाण्याच्या तुरुंगात फाशी, आणि त्या प्रसंगाची अशी चटणी करून टाकलेली बघून मला सगळ्यात जास्त राग तेव्हा आला होता.

अडचण

स्पर्धेच्या तालमी सुरू व्हायच्या होत्या आणि पंधरा दिवसांत सगळं एकदम आलं. तीसेक वर्ष रात्री थांबणारे आमचे वॉचमन मामा म्हणाले मी आता रात्री थांबणार नाही. दोन मुलींच्या घरून निरोप आला की साडेआठनंतर तालीम असेल तर येणार नाही. एका शाळेनं गॅदरिंगचं बुकिंग रद्द केलं. आणि एका छोट्या कार्यक्रमात तिसरी घंटा झाली, हॉलचे दिवे घालवून स्टेजचे लावले, तर फॉयरमधले, म्हणजे हॉलबाहेरच्या मोकळ्या जागेतले, दोन बल्ब भगभगून मोठे झाले आणि मेकअप रूममधे अंधुक झाले. हे आधीही व्हायचं, पण त्या दिवशी प्रेक्षकांत कुणीतरी "आल्या आल्या" म्हणून ओरडलं आणि बायका पोरांना घेऊन उठल्या.

मग सर्वपित्री अमावास्या. चार कॉलेजची पोरं मागच्या बोळातली जाळी वाकवून मोबाईल घेऊन आत शिरली, एकाचा पाय स्टेजच्या कुजक्या फळीतून खाली गेला आणि घोटा मोडला. ओरडण्यानं गल्ली जागी झाली, पोलीस आले, पोराचे वडील दुसऱ्या दिवशी आमच्यावर धावून आले. आणि मला विचाराल तर त्यांचं चुकलं नव्हतं, फळी कुजलीय हे आम्हाला माहीत होतं.

कोणते पर्याय होते

मीटिंग संध्याकाळी सातला सुरू झाली ती साडेअकराला संपली.

अण्णा, आमचे अध्यक्ष, म्हणाले शांत करून घेऊ. त्यांचा मुद्दा मला आजही हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाही. नाट्यशास्त्रातच आहे की पहिल्या नाटकावर विघ्नांनी हल्ला केला, नटांची वाणी आणि हालचाल गोठली, मग इंद्रानं ध्वजाच्या काठीनं त्यांना झोडपलं, त्या काठीलाच जर्जर म्हणतात, आणि त्याच्यानंतर ब्रह्मदेवानं विश्वकर्म्याला नाट्यगृह बांधायला सांगितलं. म्हणजे आपल्याकडे नाट्यगृह ही गोष्टच नटाला भीती वाटू नये म्हणून बांधलेली आहे, रंगपूजा त्यासाठीच. अडचण अशी झाली की अण्णांच्या ओळखीतून जो माणूस आला तो पूजेचं बोलतच नव्हता, तो म्हणाला बाई रागात आहे, बंदोबस्त करावा लागेल, एवढे एवढे लागतील, नाहीतर कलाकाराच्या जिवावर बेतेल. आमच्यातल्या वकीलबाई तिथल्या तिथे म्हणाल्या की महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, असल्या माणसाला मंडळाच्या पैशातून काही दिलं तर मी राजीनामा देईन. तो उठून गेला. पुन्हा दिसला नाही.

दुसरा पर्याय आमच्या लाइटवाल्या पोराचा. हुशार पोरगा. तो म्हणाला लंडनच्या ड्र्युरी लेन थिएटरात राखाडी कपड्यातलं भूत आहे आणि ते दिसलं की नाटक चालतं असं तिथले नट मानतात, लोक ते थिएटर बघायला जातात, मग आपण का लपवायचं, रात्रीचा शो ठेवू, तिकीट लावू, पत्र्याचा खर्च निघेल. खरं सांगतो, अर्धी कार्यकारिणी वळली होती. मीपण. पत्रा दोन पावसाळे गळत होता आणि खात्यात काही नव्हतं.

तिसरा पर्याय, अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्यांना बोलवून रात्रभर बसायचं आणि लोकांसमोर दाखवून द्यायचं. चौथा, काहीच करायचं नाही, स्पर्धा होऊ दे मग बघू.

ठरलं ते तिसरं, पण थोडं बदलून. जाहीर काही नाही, आपणच आधी एक रात्र बसू.

काय केलं

त्या रात्री सहा जण होतो. मामांना या म्हणून विनंती केली, ते आले, पण दाराशी बसले. थंडी पडायला लागली होती. अकराच्या पुढे पत्रा वाजायला लागला, दिवसभर तापलेला पत्रा रात्री आकसतो तेव्हा टणटण आवाज येतात, हे सगळ्यांना कळतं, पण अंधारात बसल्यावर कळलेलं विसरायला होतं. पेटाऱ्यातले घुंगरू वाजले, उघडलं तर उंदीर. कैचीवर गव्हाणी घुबडाची जोडी होती, त्यांचा फिस्स असा आवाज ज्यानं ऐकलाय त्याला सांगायला नको, दातखिळी बसते.

आणि मग सव्वापाचला कुजबुज आली. उजव्या विंगेतून. दोन बायका हळू बोलताहेत असं, शब्द लागत नाहीत पण बाईचा आवाज आहे हे नक्की. लाइटवाल्यानं माझा दंड एवढा घट्ट धरला की वळ उठला.

मामा दारातून म्हणाले, "दूधवाल्याकडच्या बाया आल्या वाटतं."

बोळात जाऊन बघितलं तर खरंच जाळीशेजारी ओट्यावर दोन बायका दुधाची वाट बघत बोलत बसल्या होत्या. आवाज जाळीतून स्टेजखाली शिरतो, पोकळीत घुमतो आणि उजव्या विंगेत दोन फळ्यांमधे जिथे फट आहे तिथून वर येतो. आम्ही नंतर दिवसा करून बघितलं, बोळात माणूस उभा केला, त्यानं हळू आवाजात आकडे म्हटले, विंगेत ऐकू आले. तालमीच्या वेळी संध्याकाळी त्याच ओट्यावर माणसं बसतात.

मी मामांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं? ते म्हणाले हो. मग रात्री थांबायला घाबरता का?

"मी अक्कांना कशाला घाबरू? मी त्यांच्या हातचा चहा प्यायलोय. मला त्या पोरांची भीती वाटते, दारू पिऊन येतात, मी एकटा. आणि मेन स्विचला हात लावला की मुंग्या येतात, दोनदा लिहून दिलंय."

रजिस्टर काढलं. दोनदा लिहिलेलं होतं, तारखेसकट. कुणी वाचलं नव्हतं. कारण मामांनी रात्रपाळी सोडली म्हणल्यावर आम्ही सगळ्यांनी गृहीत धरलं की म्हातारा भुताला घाबरला.

वायरमन दुसऱ्याच दिवशी आणला. मेन पॅनेलमधे न्यूट्रल ढिला होता, काळा पडला होता, आणि अर्थिंगची पट्टी जमिनीजवळ गंजून तुटलेली. त्यानं समजावलं ते असं. तीन फेज येतात, प्रत्येक फेज आणि न्यूट्रल यांच्यात साधारण २३० व्होल्ट असतात, न्यूट्रल नीट असेल तोपर्यंत. तो सुटायला लागला की ज्या फेजवर लोड जास्त तिथे व्होल्टेज पडतं आणि ज्या फेजवर कमी तिथे चढतं, पार चारशेच्या दिशेनं जाऊ शकतं. तिसऱ्या घंटेला आपण काय करतो, हॉलचे दिवे घालवतो आणि स्टेजचा सगळा लोड एकदम टाकतो. म्हणून फॉयरचे बल्ब भगभगायचे. म्हणजे पंधरा वर्ष आम्ही ज्याला अक्का आल्या म्हणत होतो तो आग लागायच्या आधीचा इशारा होता, आणि हॉलमधे लाकडी खुर्च्या, कापडी पडदे, भरलेला प्रेक्षक. मी हे लिहितानाही मला घाम फुटतो.

अक्का कोण होत्या

वायरिंगच्या खर्चासाठी जुनी खाती चाळत होतो तेव्हा खजिनदारांना एक वही सापडली. प्रत्येक प्रयोगाच्या खाली "प्रॉम्प्टर, चहा व टांगा" अशी नोंद आणि सही. सह्या १९६९ च्या पुढेही होत्या. शेवटची १९८३ ची.

म्हणजे बुडाल्यानंतर चौदा वर्ष बाई सही करून टांग्याचे पैसे घेत होत्या.

ती वही टेबलावर ठेवून आम्ही बराच वेळ बसून होतो. एवढ्या वर्षांत एकाही जाहिरातीत, एकाही श्रेयनामावलीत त्यांचं नाव नाही. फोटोत त्या नाहीत, कारण फोटोच्या वेळीही त्या विंगेतच. भूत झाल्या नसत्या तर त्यांची आठवणही कुणाला राहिली नसती, आणि जी राहिली ती खोटी.

त्यांची मुलगी पंचवटीत राहते असं मामांकडून कळलं, सत्तरीच्या पुढच्या, आम्ही त्यांना मावशी म्हणतो. आणि इथे आमची सगळ्यात मोठी चूक झाली. अण्णा, मी आणि खजिनदार शाल श्रीफळ घेऊन गेलो, न कळवता, आणि बसल्या बसल्या सांगितलं की आईंच्या नावाचा फलक लावतोय, पुरात त्यांनी संहिता वाचवल्या तो प्रसंग त्यावर कोरायचा विचार आहे. मावशींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माझ्या आईला तुम्ही वर्षानुवर्षं बुडवताय. नातू शाळेत रडला होता त्या व्हिडिओवरून. आता फलकावर पण पूरच का?" चहा दिला. शाल परत केली.

महिन्यानं मामा एकटे गेले, काही न घेता. दोन तास बसले. त्यातून जे कळलं ते एवढं: पुराच्या दिवशी अक्का खरंच आल्या होत्या, संहितांची ट्रंक त्यांनी आणि मामांच्या वडलांनी माडीवर नेली आणि पाणी चढायच्या आत त्या घरी गेल्या. नंतर गुडघे धरले, विंगेत उभं राहवेना, म्हणून काम सुटलं. घरीच आजारपणात गेल्या, मंडळातून कुणी भेटायला गेलं नव्हतं. हे शेवटचं मामांनी मला मान खाली घालून सांगितलं.

निकाल

भुताचा रात्रीचा शो रद्द. लाइटवाला पोरगा स्वतःच म्हणाला नको, मावशींची हकीकत ऐकल्यावर. स्पर्धेच्या तालमी तीन आठवडे दुसऱ्या हॉलमधे हलवल्या, भाडं खिशातून भरलं, वायरिंग आणि अर्थिंग नवीन केलं, फळ्या बदलल्या. आमचा नंबर आला नाही. जाळी बंद करायची का यावर वाद झाला, बंद केली तर ओल सुटते आणि स्टेज कुजतं, म्हणून जाड गज लावून ठेवली. त्यामुळे कुजबुज अजूनही येते. नवीन मुलांना पहिल्याच दिवशी बोळात नेऊन ओटा दाखवतो.

मामा परत आले, पण जोडीला दुसरा माणूस द्या या अटीवर. तो दिला. स्टेजच्या मधोमध रात्रभर एक छोटा दिवा ठेवतो आता, परदेशातल्या थिएटरांत ही जुनी पद्धत आहे, अंधारात कुणी स्टेजवरून खाली पडू नये म्हणून. मामा त्याला समई म्हणतात.

मावशींनी एकच गोष्ट मान्य केली: फलक नको, फोटो नको, प्रयोगाआधी श्रेयनामावली वाचता तेव्हा प्रॉम्प्टरचं नाव वाचत जा, आज जो असेल त्याचं. तसं करतोय. त्या एकदा आल्या, शेवटच्या रांगेत बसल्या, पहिल्या अंकानंतर गेल्या. काही बोलल्या नाहीत.

सगळेच खूश आहेत असं नाही. आमचे एक ज्येष्ठ नट माझ्याशी महिनाभर बोलत नव्हते. "आमची अक्का घालवलीत तुम्ही," म्हणाले. त्यांचं दुःख मला समजतं, विंगेत कुणीतरी आहे या भरवशावर त्यांनी चाळीस वर्ष स्टेजवर पाऊल ठेवलं. विडा ठेवायची पद्धत आम्ही बंद केलेली नाही, ज्याला ठेवायचा तो ठेवतो. आणि गल्लीतली पोरं आता सांगतात की वायरिंग बदलल्यामुळे भूत निघून गेलं.

काय वेगळं करता आलं असतं

मामांना आधी विचारायला हवं होतं. मीटिंग साडेचार तास चालली, मामा बाहेर स्टुलावर बसून होते, आत सतरा मुद्दे निघाले आणि त्यांना चहा सांगण्याव्यतिरिक्त कुणी हाक मारली नाही. तीस वर्ष जो माणूस त्या इमारतीत रात्री झोपलाय त्याला तिथला प्रत्येक आवाज माहीत असणार, हे एवढं साधं.

रात्र जागवायच्या आधी वायरमन बोलवायला हवा होता. आम्ही सहा जण त्या ढिल्या न्यूट्रलखाली रात्रभर बसलो. जुन्या हॉलमधे दिवे वरखाली होत असतील तर आधी मेन स्विच बंद करा, बाकी चर्चा नंतर.

मावशींकडे जायच्या आधी कळवायला हवं होतं, आणि काय करायचं ते ठरवून जायला नको होतं. मामांना पाठवण्यात आमची काही हुशारी नव्हती, ते आपले आपण गेले.

व्हिडिओबद्दल अजून मतभेद आहेत. वकीलबाई म्हणतात तेव्हाच तक्रार करायला हवी होती, मला वाटतं तक्रारीनं तो अजून पसरला असता. काढायची विनंती केली, उत्तर आलं नाही, तो अजून तिथेच आहे आणि जॅक्सन अजून आमच्याच हॉलमधे मरतोय. खाली आम्ही विजयानंदचं नाव आणि तारीख लिहिलीय.

गेल्या महिन्यात मावशींनी मामांच्या हाती अकरा वह्या पाठवल्या. अक्कांच्या प्रॉम्प्टिंगच्या प्रती, हातानं उतरवलेल्या, कुठला नट कुठल्या वाक्याला अडतो तिथे पेन्सिलीनं फुली. दोन वह्यांची पानं खालून तपकिरी झालीत, पाण्याची रेघ दिसते. स्कॅन करून मूळ वह्या परत द्यायच्या आहेत, दिवाळीनंतर बसायचं ठरलंय, मामांना या वेळी आधीच सांगितलंय.